बाबाजी त्रिभुवनचं एकशे एकविसावं स्तोत्र

बाबाजी त्रिभुवन माणसांशी बोलायला कधी अडला नाही. रास अल खैमाच्या उत्तरेला, समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत एका सिमेंट कंपनीची चुनखडीची खाण होती. तिथं तो डंपर चालवायचा. पठाण ड्रायव्हरांशी तो हिंदीत बोले, मेसमधल्या मल्याळी आचाऱ्याशी हातवारे करून, आणि लोडरवरच्या तय्यबशी मराठीत. तय्यब दापोलीकडचा. त्याची कोकणी बोली आणि बाबाजीची नेवाशाकडची, दोघांची जुगलबंदी सुरू झाली की कॅम्पमधली बाकीची मंडळी नुसती ऐकत बसायची.

पण देवापुढं बाबाजीची वाचा बसायची.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी तो कंपनीच्या पिकअपमधून शहरात जायचा. एका व्हिलाच्या मोठ्या खोलीत तिथले ख्रिस्ती लोक जमायचे. तेलुगू, मल्याळी, तमिळ, दोन-चार पंजाबी आणि मराठी म्हणावेत तर बोटांवर मोजण्याइतके. उपासना हिंदीत व्हायची. गाणी झाली, वचन झालं, की शेवटी सगळे गोलात बसायचे आणि एकेकानं प्रार्थना करायची. लोक काय सुंदर प्रार्थना करायचे! एकामागून एक वाक्यं, जशी आधीच घडवून ठेवलेली. पाळी जवळ येऊ लागली की बाबाजी हळूच उठून पाणी प्यायला बाहेर जायचा आणि शेवटचं ‘आमेन’ ऐकू आलं की परत यायचा.

तो जन्मानं ख्रिस्ती होता. गावात त्यांची दहा-बारा घरं आणि कौलारू देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. पण घरातली प्रार्थना म्हणजे आईचं काम. ती बोलायची, बाकीच्यांनी हात जोडून डोळे मिटायचे. आई गेली आणि मागं हात जोडणारेच उरले. त्र्याण्णव साली तो गल्फला आला तेव्हा बायकोनं, सगुणानं, पिशवीत कपड्यांच्या घडीखाली आईचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ठेवलं होतं. ते तो उशाशी ठेवायचा, पण उघडल्यावर पुढं काय करायचं ते त्याला कळायचं नाही.

पाणी प्यायच्या निमित्तानं निसटण्याची त्याची चोरी विनिता सिस्टरांनी पकडली. त्या मिरजेला शिकलेल्या नर्स. इथल्या सरकारी इस्पितळात कितीतरी वर्षं होत्या आणि वॉर्डातल्या अरब म्हाताऱ्यांना त्यांच्याच भाषेत दटावायच्या. एका शुक्रवारी बाबाजी व्हरांड्यात ग्लास धरून उभा असताना त्या मागोमाग आल्या.

“बाबाजी, एक विचारू? दर शुक्रवारी माझ्या शेजारच्या माणसाची प्रार्थना सुरू झाली की तुम्हाला नेमकी तहान कशी लागते?”

बाबाजीनं मान खाली घातली. मग म्हणाला, “सिस्टर, मला न्हाई जमत. एकटा असलो तरी जमत न्हाई. ‘देवा’ म्हणतो आन् फुडं गाडी बंद पडती.”

“मग ढकलस्टार्ट करा,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. तिथंच पायरीवर बसून त्यांनी त्याला सांगितलं. “आपल्याला शब्द सुचत नाहीत ना, मग आपले शब्द शोधत बसायचंच नाही. स्तोत्रसंहिता कशाला आहे? एक स्तोत्र धरायचं. सगळं एका दमात वाचून मिटून ठेवायचं नाही. एक ओळ वाचायची आणि थांबायचं. त्या ओळीत आपलं आज काय आहे ते बघायचं. कोणाचं नाव आठवलं, घ्यायचं. भीती आठवली, सांगायची. उपकार आठवला, मानायचा. काहीच आठवलं नाही तर गप्प बसायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. शब्द त्याचे, नावं तुमची.”

“कोणतं धरू?”

सिस्टरांनी समोर दिसणाऱ्या उघड्याबोडक्या डोंगरांकडे बघितलं. “एकशे एकविसावं धरा. छोटं आहे, आणि तुमच्याच कामाचं आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबाजीनं शास्त्र उघडलं. पहिलीच ओळ डोंगरांची. त्यांच्याकडे डोळे लावून माणूस विचारतोय की माझ्या मदतीला कोण येणार. बाबाजीनं कॅम्पच्या दारातून समोर पाहिलं आणि त्याला हसूच आलं. ज्या डोंगराकडे डोळे लावायचे तोच खाणीतले लोक रोज सुरुंग लावून पाडत होते. बाबाजी स्वतः त्याच्या खेपा करून क्रशरमध्ये ओतत होता. तो आला तेव्हा होतं ते एक शिखर तर आता सिमेंट होऊन कुठल्या कुठं गेलं होतं, कोणाच्या तरी भिंतीत.

पुढच्या शुक्रवारी त्यानं सिस्टरांना तसं सांगितलं. “डोंगराचं काय खरं न्हाई सिस्टर. आम्हीच त्याला खातोय.”

“मग स्तोत्र लिहिणारा तरी कुठं म्हणतो की मदत डोंगरातून येते? तो नुसता विचारतो. उत्तर दुसऱ्या ओळीत आहे. आकाश आणि धरती ज्यानं केली त्याच्याकडून. तुम्ही पहिल्याच ओळीवर हसत बसलात, दुसरीवर गेलाच नाहीत.”

तो दुसरीवर गेला, मग तिसरीवर. डंपर भरून घेण्यासाठी लोडरखाली रांग लागायची. त्या थांब्यात तो एक ओळ मनात धरायचा. राखणारा डुलकी घेत नाही, या ओळीशी त्याला घर आठवायचं. सगुणा दोन पोरांना घेऊन एकटी, दाराला कडी कशीबशी लागणारी. मग तो म्हणायचा, “देवा, माझा डोळा लागंल, तुझा लागत न्हाई. तिकडं बघ.” उजव्या हाताला सावली, ही ओळ आली की तो उजवीकडे पाहायचा. इथल्या गाड्यांत ड्रायव्हर डावीकडे बसतो. उजवी सीट रिकामी, तिच्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पाण्याचा कॅन. जुलैच्या दुपारी स्टिअरिंगला हात लावला की चटका बसायचा, तेव्हा त्या कॅनकडे बघून तो मनापासून आभार मानायचा. चांदणंसुद्धा बाधणार नाही, ही ओळ मात्र त्याला बरेच दिवस कळली नाही. मग एका पुनवेला कॅम्पच्या ओट्यावर सगळे गडी बसले होते, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, आणि पेशावरचा एक दांडगा ड्रायव्हर तोंड फिरवून डोळे पुसत होता. ‘हां, हे बाधतं,’ बाबाजीच्या मनात आलं. तेव्हापासून त्या ओळीशी तो कॅम्पमधल्या पोरांची नावं घेऊ लागला.

अशी काही वर्षं गेली. आपल्याला प्रार्थना येते असं तो कधी म्हणाला नसता, पण सकाळी स्तोत्र झाल्याशिवाय त्याला चहा गोड लागेना.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते घडलं. जेवणाच्या सुट्टीची वेळ होती. वरच्या टप्प्यावरून दगडानं भरलेला डंपर घेऊन बाबाजी उताराला लागला. पहिल्या वळणावर त्यानं ब्रेकवर पाय दिला तर पेडल पार तळाला गेलं आणि तिथंच राहिलं. गिअर पडेना. हँडब्रेक ओढला, काही झालं नाही. डंपर धडधडत सुटला. रस्ता सरळ खाली जात होता आणि जिथं संपत होता तिथं क्रशरजवळ पत्र्याची शेड होती. शेडखाली गडी डबे उघडून बसले होते.

हॉर्न दाबून धरल्याचं बाबाजीला नंतर आठवत होतं. बाकी काही नाही. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि डंपर डोंगराच्या अंगावर घातला. पत्रा फाटल्याचा आवाज झाला, धूळ उडाली, आणि त्याच्या उजव्या पायावर अख्खी केबिन येऊन बसली.

शेडमधून धावत पहिला पोचला तो तय्यब. “बाबाजी! बोल रे, काहीतरी बोल!” तो ओरडत होता आणि हातानंच पत्रा ओढत होता. गॅसकटर आणून त्याला बाहेर काढेपर्यंत तय्यबनं त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं.

शुद्धीवर आला तेव्हा तो इस्पितळात होता. पायात लोखंडी सळी घातलेली, वरून जाड प्लॅस्टर. विनिता सिस्टर उशाशी उभ्या होत्या. त्यांची ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात होती, पण दिवसातून एकदा तरी त्या यायच्या, ताप बघायच्या, पाणी पाजायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, “वाचून दाखवू का?”

त्या वाचू लागल्या. डोंगर झाले, आकाश आणि धरती झाली, आणि तिसरी ओळ आली की तो तुझा पाय घसरू देणार नाही.

“बास, सिस्टर,” बाबाजी म्हणाला. “एवढी एक सोडून बाकीचं वाचा.”

सिस्टर थांबल्या. बाबाजीला वाटलं आता त्या समजूत घालतील, देवाची इच्छा वगैरे सांगतील. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. बोलताना त्या पहिल्यांदाच ‘तू’वर आल्या.

“सोड. ज्याचा पाय असा झालाय त्यानं ती ओळ म्हणावी असं मी कोणत्या तोंडानं सांगू? फक्त सोडून पळू नकोस. तिथं थांब, आणि का सोडली ते त्यालाच सांग. माझ्याजवळ नको.”

त्या गेल्या. दुपारची वेळ. वॉर्डात पंखे फिरत होते. बाबाजी छताकडे बघत पडला आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. “रोज म्हणत होतो मी ही ओळ. रोज. मग कुठं होतास? पाय घसरू देणार न्हाई म्हणलास आन् माझ्या पायाचं असं करून टाकलंस? आता मला कोण ठेवून घेईल? सगुणाला काय तोंड दावू?” बोलता बोलता त्याचा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. बाबाजीला त्याचं भान नव्हतं. तो आईबद्दल बोलला, गावाबद्दल, ब्रेकबद्दल, उन्हाबद्दल, इतक्या वर्षांत कुणालाही न सांगितलेल्या भीतीबद्दल. रडला, पुन्हा बोलला. थकून थांबला तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. अडखळलो नाही, एकदाही गाडी बंद पडली नाही, हे त्याच्या लक्षात आलं ते खूप उशिरा.

शुक्रवारी तय्यब आला. एकटा नाही, मागं सगळी खाण. पठाण आले, मल्याळी आले, आचारी डब्यात पायसम घेऊन आला. प्रत्येक जण खाटेच्या पायथ्याशी यायचा आणि प्लॅस्टरमधून बाहेर डोकावणाऱ्या त्याच्या अंगठ्याला हात लावून कपाळाला लावायचा. बाबाजीला अवघडल्यासारखं झालं.

“हे काय चाललंय तुमचं? मी काय पीर हाय?”

“गप रव,” तय्यब म्हणाला. “शेडमध्ये होतो ना आम्ही. तुझ्या गाडीचं तोंड आमच्यावरच होतं. सरळ जाऊ दिली असतीस तर पुढं रेतीचा ढीग होता, तू कदाचित वाचला असतास. आमचं खलास होतं. तू डोंगरावर घातलीस. अल्हमदुलिल्लाह.”

“मी काय इचार करून घातली न्हाई रे. हातच फिरला.”

“ता मला म्हायत नाय,” तय्यब म्हणाला. “फिरला ना पण.”

सगळे गेल्यावर बाबाजीनं उशाचं शास्त्र उघडलं. त्या ओळीचा अर्थ त्याला पुरता लागला असं नाही, पुढंही कधी लागला नाही. पण त्या दिवशी त्यानं ती सोडली नाही. ती वाचली, थांबला, आणि जे जे अंगठ्याला हात लावून गेले होते त्यांची नावं एकेक करून घेतली. माहीत नव्हती त्यांची तोंडं आठवली. त्यावर त्याला म्हणता आलं ते एवढंच: “हे सगळे जेवले त्या दिवशी. तुझे उपकार.”

पाय वाचला, पण आखूड झाला. डंपर चालवणं संपलं. आता तिकीट काढून घरी पाठवतील असं कॅम्पमध्ये सगळे धरून चालले होते. खाणीवर उपेंद्र नावाचा पुण्याचा इंजिनिअर होता. बोलायला तुटक, सगळ्यांना त्याचा धाक. त्यानं बाबाजीला ऑफिसात बोलावलं.

“बसा. वरच्या फाटकावर माणूस पाहिजे. ब्लास्टिंगच्या आधी लाल झेंडा लावायचा, सायरन द्यायचा, आणि आत गेलेला प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी बाहेर आल्याशिवाय सुरुंगवाल्याला हिरवा सिग्नल द्यायचा नाही. उभं राहायची गरज नाही, खुर्ची मिळेल. करणार का?”

“साहेब, मी लंगडा...”

“मला पाय नकोत. माणसं परत आली की नाही याची काळजी करणारा माणूस पाहिजे. शेडखालच्या लोकांनीच तुमचं नाव सुचवलंय.” मग कागद चाळत, वर न बघता तो म्हणाला, “त्या दिवशी मीही शेडमध्ये होतो.”

अशा रीतीनं बाबाजी फाटकावर आला. पहिल्याच आठवड्यात, दुपारी खुर्चीत त्याला डुलकी लागली. गाडीच्या हॉर्ननं दचकून जागा झाला आणि मोठ्यांदा हसला. “देवा, राखणीचं काम तुझं तुलाच झेपतं बाबा. मला दुपारचं जागं ठेव तेवढं.” त्या दिवसापासून तो जेवणात भात कमी घेऊ लागला.

तिथंच त्याला शेवटची ओळ खऱ्या अर्थानं सापडली. तुझं जाणं आणि येणं तो सांभाळेल. इतकी वर्षं ती ओळ त्यानं विमानतळासाठी राखून ठेवली होती. रजेवर जाताना आणि परत येताना म्हणायची. आता जाणं-येणं दिवसभर डोळ्यांसमोर चाललेलं. फाटकातून गाडी आत गेली की तो ड्रायव्हरचं नाव घ्यायचा, “याचं जाणं सांभाळ.” बाहेर आली की, “याचं येणं झालं, उपकार.” आधी मनात, मग ओठांवर, मग जरा मोठ्यानं. ड्रायव्हरांच्या कानावर गेलं. त्यांनी चेष्टा केली असती तरी चाललं असतं, पण झालं उलटंच. गडी फाटकाशी गाडी हळू करायचे आणि काच खाली करून विचारायचे, “बाबाजी, मेरा नाम लिया?”

“लिया, लिया. यल्ला, जाओ.”

एकदा एक नवा पठाण न थांबता भरधाव आत गेला. थोड्या वेळानं तोच गाडी रिव्हर्स घेत फाटकाशी आला. “माफ करना चाचा, नाम बताना भूल गया,” तो म्हणाला आणि आपलं नाव सांगून गेला.

तय्यब तर रोज भांडायचा. “माझा नाव सगळ्यांच्या शेवटी घेतोस तू.”

“तू सगळ्यांच्या शेवटी येतोस म्हणून.”

विनिता सिस्टर निवृत्त होऊन मिरजेला गेल्या त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोनच्या हिवाळ्यात, सगुणा महिनाभर आली. उपेंद्रनं आपल्या ओळखीनं व्हिजिट व्हिसा काढून दिला, आणि सिस्टरांनी जाण्याआधी आपली खोली महिनाभर त्यांच्यासाठी ठेवायची सोय करून ठेवली होती. तो गल्फला आल्यापासून, रजेचे दिवस सोडले तर, नवरा-बायको एका छपराखाली पहिल्यांदाच राहत होती.

रजेवर घरी आला की तो सगळं मनातच म्हणायचा; इथं पहिल्या सकाळी सगुणाला जाग आली ती त्याच्या आवाजानं. तो जमिनीवर बसला होता, आखूड पाय लांब करून. एक ओळ वाचत होता, थांबत होता, बोलत होता. सगुणा पडून ऐकत राहिली. चांदण्याच्या ओळीशी तो थांबला आणि म्हणाला, “देवा, ही ओळ रोज सगुणासाठी म्हणतो. आज ती हितंच हाय. आज काय मागू? आज नुसते उपकार.”

ती उठून चहा करू लागली. मग म्हणाली, “आत्याबाई असत्या तर त्यांना आपल्या लेकाचं हे खरं वाटलं नसतं.”

“मलाच कुठं वाटतं.”

एक दिवस ती डबा घेऊन फाटकावर आली. गाड्या येत-जात होत्या, माणसं तिला पाहून “सलाम भाभी” म्हणत होती. तय्यबनं तर लोडर सोडून येऊन तिच्यासमोर बाबाजीच्या शंभर तक्रारी केल्या. सगुणा खुर्चीशेजारी दगडावर बसून बघत राहिली. आपला नवरा असा, प्रत्येकाला नावानं ओळखणारा, प्रत्येकाच्या परत येण्याची वाट बघणारा, तिनं पूर्वी पाहिला नव्हता. तिच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण याला एकटा समजत होतो.

“मलाबी शिकवा,” जेवण झाल्यावर ती म्हणाली. “पण तुमचं स्तोत्र नको.”

“का गं?”

“त्याच्यात सगळं डोंगर, ऊन आन् रस्ता. माझं काय त्याच्यात? मला घरातलं पाहिजे.”

बाबाजीनं त्याच संध्याकाळी पानं उलटली. शोधता शोधता त्याला एक सापडलं, आपल्या स्तोत्रापासून फार लांब नाही. त्यात घर होतं, हाताचे कष्ट होते, द्राक्षाच्या वेलासारखी बायको होती आणि जेवायला भोवती बसलेली लेकरं होती. सगुणानं ते दोनदा वाचून घेतलं. “हां, हे माझं,” ती म्हणाली. “वेल म्हणलंय का? बरं झालं. दगड म्हणलं असतं तर सोडून दिलं असतं.”

पहिल्या दिवशी ती लेकरांच्या ओळीशी थांबली आणि तिथून पुढं सरकेचना. मुलगा औरंगाबादला आयटीआयला, मुलगी शलोमी सासरी, दोघांबद्दल तिला इतकं बोलायचं होतं. बाबाजीला कामावर जायला उशीर होत होता, तरी तो उठला नाही.

ती परत गेली. तोवर गावातल्या घरी फोन बसला होता. दर शुक्रवारी उपासनेहून आला की बाबाजी फोन लावायचा. पोरांची खुशाली, पाऊसपाणी, पायाचं दुखणं, सगळं बोलून व्हायचं. मग तो विचारायचा, “या आठवड्यात कुठं थांबलीस?”

“हाताच्या कष्टांपाशी,” तिकडून सगुणा म्हणायची. “शलोमीला दिवस गेलेत, तिथंबी थांबले. तुम्ही?”

आणि बाबाजी सांगू लागायचा.